बाजू द्यायच्या जागेवरची बाई

९ जुलै
संध्याकाळी एकेरी रस्त्यावरच्या, समोरून येणाऱ्या गाडीला बाजू द्यायच्या जागेपर्यंत जाऊन आले. हवेसाठी. तेवढ्यात टूरची बस गेली, तो योगायोग. माझा हेक्टर चालवायचा तीच बस. आता किर्स्टी नावाची ग्लासगोची मुलगी चालवते, आणि गाईडही तीच. समोर दिसेल त्याला नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवायचं, एवढी साधी रीत आमच्याकडे लहान पोरही पाळतं. हिने नाही उचललं. शहरातली.

१० जुलै
पुन्हा हवेसाठी. पाऊस, म्हणून हिरवा कोट, त्याची टोपी डोक्यावर. बोट नाही.

१३ जुलै
पेगीचा फोन. तिच्या इन्व्हर्नेसच्या घरातली मागची खोली रंगवून तयार आहे. म्हणाली, इशबेल, हेक्टरला जाऊन हिवाळा उलटला, तू अजून त्या रस्त्यावर जातेस असं कानावर येतं. मी म्हटलं, फिरायला जाते. पाऊस असताना? असं तिने विचारलं. धाकट्या बहिणीने किती विचारावं.
शेवटी ठरलं. एक दिवस त्याच बसने टूरला जायचं. त्या जागेवरून जाताना मान वळवायची नाही. जमलं तर मी बरी झाले, महिनाअखेर इन्व्हर्नेस. जमेल. न जमायला काय आहे?
भुतांवर माझा विश्वास नाही. हेक्टरच्या खुर्चीत कोणी बसू नये, हे वेगळं.

२१ जुलै
हिरवा कोट जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात देऊन टाकला. बसमध्ये पाऊस लागत नाही. रात्री पेगीकडे. रंगाचा वास. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. भिंतीची सवय होते म्हणतात.

२२ जुलै
सकाळी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट घेतली. ओळख दिली नाही.
कलोडनच्या पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या रणांगणावर किर्स्टीने बॅगपाइपची रेकॉर्ड लावली. हेक्टर तिथे इंजिन बंद करून गप्प बसायचा. लोक आपोआप टोप्या काढायचे. पुढे किल्ल्याच्या पडक्या भिंती, तळं, धुकं. धुक्याची तारीफ बसमध्ये सगळ्यांनी केली. त्यांना त्यात कपडे वाळवायचे नसतात. किर्स्टीने दोन सन चुकवले. फिरत्या लायब्ररीच्या गाडीतून आणून मी त्यावर चार पुस्तकं वाचली आहेत.
मग आमची दरी आली. मी समोर बघत बसले. अगदी शांत होते. हाताला घाम होता, पण तो हीटरचा.
किर्स्टीने वेग कमी केला आणि आवाजही. म्हणाली, पुढे डावीकडे एक बाई उभी असते. नवरा कलोडनच्या लढाईला गेला, परत आला नाही, ही अजून वाट बघते. मी स्वतः पाहिली आहे. मागच्या आठवड्यात एकाने काढलेला फोटो तिने फोनवर फिरवला. पावसात हिरवा डाग. पाठीला पोक. मला पोक आलाय हे कोणी सांगितलं नाही.
कॅनडाच्या बाईने विचारलं, त्या काळी कोटाला चेन कुठून? किर्स्टी म्हणाली, धुक्यात तसं वाटतं. वर हेही सांगितलं, की तिला बोट उचलून दाखवायचं नाही, नाहीतर ती मागोमाग घरी येते.
म्हणजे शहरातली म्हणून नाही. मुलगी घाबरत होती.
सगळे डावीकडच्या काचांना चिकटले. मी एकटी समोर बघत होते.
"आज नाही आली," किर्स्टी म्हणाली. "पहिल्यांदाच."
"सुटली असेल बिचारी," कॅनडाची बाई म्हणाली.
मग मी बघितलं. पांढरी पाटी, थोडं गवत, खडी. ती जागा हेक्टर रोज इथून बघायचा. त्यात मी असायचे. माझ्याशिवाय ती कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलं नाही, आणि मला आता पाहायला लागलं. इतके महिने मी समजत होते की परत कोणी आलं तर तो येईल.
पेगीला सांगितलं, टूर छान झाली. मान? मान जरा अवघडली होती, म्हणून वळवली.

२३ जुलै
घरी. आज गेले नाही. चहा करून खिडकीत बसले. बस गेल्याचा आवाज आला. तिथे कोणी नाही, हे इथूनही दिसत होतं.

२४ जुलै
कोट परत विकत आणला. दुकानातल्या बाईला म्हटलं, पाऊस आहे. बाहेर ऊन होतं. तिने घडी करून दिला.
पेगीला फोन केला, खोलीचं वसंतात बघू. लोक एवढ्या लांबून येतात, किर्स्टी नवी आहे, तिचा धंदा बसायला नको. एवढंच कारण. ती म्हणाली, जेवत जा गं.
संध्याकाळी त्या जागेवर पाठ ताठ ठेवून उभी राहिले. बस आली. काचांना चेहरे. मी हलले नाही. किर्स्टीने बोट उचललं नाही. तिच्या गोष्टीप्रमाणे बरोबरच होतं.
बस वळणाआड गेल्यावर मी माझं उचललं.