जमिनीवरून उठण्याची अट

व्हाइटफील्ड,
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपला दोघांचाही आवाज तिसऱ्या वाक्याला चढतो, म्हणून लिहिते आहे. जूनमध्ये तुम्ही बाथरूममध्ये पडलात आणि चाळीस मिनिटं उठता आलं नाही. हे मला शेजारच्या नरसिंहरावांकडून आठवड्याने कळलं. फिजिओथेरपिस्ट सुप्रीता म्हणाली, की हाडं ठीक आहेत, पायातली ताकद गेली आहे आणि ती वजनांच्या व्यायामानेच परत येईल.

मल्हारने आणि मी घरी बसवायचं जिमचं यंत्र पाहिलं आहे. पाठीला टेकू असतो आणि वजनं चौकटीच्या आतच वरखाली होतात, त्यामुळे पायावर पडायची भीती नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुटे डंबेल्स कृपा करून नकोत.

एक अटही घालते. ३१ ऑक्टोबरला तुम्ही कशाचाही आधार न घेता जमिनीवरून उठून दाखवायचं. नाही जमलं, तर हेब्बाळचं घर बंद करून आमच्याकडे यायचं. धमकी समजू नका, मला खरंच भीती वाटते.

मल्हारचा नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नये.

तुमची
ऋचा


हेब्बाळ,
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ऋचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अट मान्य. यंत्राबद्दल मात्र ऐक.

सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात छत्तीस वर्षं काढलेला माणूस वस्तू न पाहता घेत नाही. नरसिंहरावांना घेऊन इंदिरानगरच्या दुकानात गेलो. यंत्र उत्तम आहे. वेल्डिंगही स्वच्छ. मी बसलो आणि पायांनी चक्क चाळीस किलो ढकलले. नरसिंहरावांनी टाळ्या वाजवल्या. मग उतरायला गेलो, तर त्या खोलगट सीटवरून उठता येईना. विक्रेत्याने हात दिला. यंत्र तिथेच नापास झालं. टेकून बसल्यावर मी मोठा पहिलवान आहे, पण बाथरूममध्ये पाठीला टेकू नसतो.

त्यापुढच्या दुकानातून दोन-दोन किलोचे डंबेल्स आणले. दुकानदाराने कानडीत दोनदा बजावलं, स्वल्प स्वल्प, म्हणजे थोडं थोडं वाढवा म्हणून. खुर्चीत बसून उठतो, पुन्हा बसतो, हातात वजन धरून. सुप्रीता येऊन बघून गेली, तिची हरकत नाही.

आणखी एक. यंत्र ठेवायला तुझ्या आईचं शिलाई मशीन खिडकीपासून हलवावं लागलं असतं. यंत्र आणि डंबेल्स यांच्या तुलनेचा तक्ता मी केला आहे, त्यात हे कारण लिहिलेलं नाही.

चाचणीचा अहवाल साक्षीदाराच्या सहीनिशी पाठवीन. मल्हाररावांस आशीर्वाद. तुमच्या लोभाची गरज आहेच.

बाबा


व्हाइटफील्ड,
५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आता तीन किलोवर गेलात, हे मला परस्पर नरसिंहरावांकडूनच कळतं. ते समोर असल्याशिवाय वजन उचलू नका, एवढं तरी ऐका. इकडे पूर्वेची खोली रिकामी केली आहे, पडदे लावले आणि बाथरूममध्ये धरायला दांडेही बसवून घेतले. घाई करते आहे असं मल्हार म्हणतो. म्हणू दे.

ममता असू द्यावी.

ऋचा


हेब्बाळ,
१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळी आठ वाजता चाचणी झाली. जागा हॉल, खाली सतरंजी, स्थिती मांडी घालून. साक्षीदार नरसिंहराव, त्यांच्या मनगटी घड्याळासह. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्या वेळी अकरा सेकंदांत उभा राहिलो. मात्र उठताना डावा तळहात गुडघ्यावर टेकला.

नरसिंहरावांचं म्हणणं, गुडघा स्वतःचाच आहे, त्याला कोणी आधार म्हणत नाही. त्यांनी ‘उत्तीर्ण’ लिहून सहीसुद्धा ठोकली. मी ती खोडली. तुझ्या पत्रात ‘कशाचाही’ असा शब्द आहे. केसभर फरक असलेला भाग मी कधी पास केला नाही, तो आता स्वतःसाठी कसा करू? निकाल: अनुत्तीर्ण.

बॅग भरतो आहे. डंबेल्स आणू का? तुमच्या चौदाव्या मजल्यावरून खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून गादीवर ठेवीन. शिलाई मशीनला जागा होईल का, तेही कळव. मला यायचं नव्हतं. हे एकदाच लिहितो, पुन्हा बोलणार नाही.

तुम्हा दोघांची आठवण येत असते, ती वेगळी गोष्ट.

बाबा


व्हाइटफील्ड,
५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच जमिनीवर मांडी घालून बसले. साक्षीदार मल्हार. माझं वय वर्षे एकेचाळीस. दोन्ही हात टेकले, शिवाय सोफ्याची कडही धरली, तेव्हा कुठे उठले. मल्हारला तर मीच ओढून उठवलं. तेव्हा आमच्या दोघांचा निकाल तुम्हीच लावा.

आता खरं लिहिते. अट घालताना तुम्ही नापास व्हावं असंच मनात होतं. तुम्ही डोळ्यांसमोर राहिला असता आणि मी निर्धास्त झाले असते. तुम्हाला काय जमायला हवं, याचा मी विचारच केला नव्हता. मला माफ करा.

तपासणी करणाराच नापास असेल, तर अट रद्द होते ना? नवी अट अशी: स्वतःचा गुडघा चालेल. नरसिंहरावांना पुन्हा सही करायला सांगा. बॅग रिकामी करा. शिलाई मशीन खिडकीपाशीच राहू दे.

रविवारी सकाळी सात वाजता येते, आणि यापुढे दर रविवारी. सतरंजी मोठी घाला. मी किती किलोपासून सुरुवात करायची, ते तुम्हीच ठरवा. फक्त स्वल्प स्वल्प.

आजवर केलीत तेवढीच माया करत राहा, जास्त मागत नाही.

तुमची
ऋचा