मानेवरचा हात

आबा, आज सकाळी तालमीत कोऱ्हाळ्याचा तो आला होता. डाव्या हातानं माझ्या पाया पडला, आणि तो गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही. तुम्ही गेल्यावर मी स्वतःची तालीम काढली, तेव्हाचा तो माझा चेला. पण त्याचं सांगायच्या आधी आपल्या दोघांचं भांडण निस्तरायला हवं. तुम्हाला जाऊन पंचविसावर वर्षं झाली, तरी ते आहे तिथंच पडलंय.

नव्वदनंतरचं एखादं साल असेल. बापानं मेंढरं विकून कळंबला ऊस लावला आणि मला तुमच्या पदरात टाकलं. पहिले सहा महिने तुम्ही मला आखाड्याच्या हौद्यातली माती नुसती उकरायला लावली. मी एकदा कुरकुरलो, "आबा, डाव कधी शिकवनार?" तुम्ही चुलीपुढं बसून पाट्यावर बदाम वाटत होता. वर न बघताच म्हणालात, "आदी माती तर वळखू दे तुला." मग थंडाईचा तांब्या माझ्या हातात दिलात आणि मी पीत असतानाच मानेवर तळहात ठेवून जोरानं दाबलंत. मान नमली. "कच्ची हाय," एवढंच. पुढं रोजचंच झालं ते. दुसरे वस्ताद दंड बघायचे, छाती बघायचे. तुम्ही फक्त मान. "कोवळा ऊस तोडला तर मोळी भरती, साखर भरत न्हाय," हे तुमचं पालुपद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि मग ती जत्रा. मैदान माणसांनी फुललंय, हलगी कडाडतेय, एक नावाजलेला मल्ल हात वर करून फेरी मारतोय, आणि मी उडी टाकून त्याच्या हातात हात देतो. जोड लागली म्हणून पंच ओरडतात. तेवढ्यात तुम्ही फेटा सावरत आत येता आणि माझं मनगट धरून हात सोडवता. "जोड मोडली. ह्यो खेळनार न्हाय." लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "अवो, झबलं घाला त्याला!" मी अठरा-एकोणीस वर्षांचा, कमरेला लंगोट आणि डोळ्यांत पाणी. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. तुम्ही दोनदा कळंबला निरोप धाडलात. मी पारावर बसून सांगत होतो, म्हाताऱ्याला माझं नाव झालेलं बघवत न्हाय. तुमच्या मातीलासुद्धा आलो नाही. एवढा माज होता मला, आबा.

बारामतीला तालीम काढली तेव्हा सगळ्यांना बजावून सांगितलं, माझ्याकडं कुणाला अडवणार नाही. मानेवर हात ठेवायची तुमची रीत मात्र आपसूक हाताला लागलेली, तेवढी चालू राहिली. तिथं हा कोऱ्हाळ्याचा आला. गुणाचं पोर. जत्रेजत्रेत इनामाच्या कुस्त्या करायचा, त्यावर घर चालायचं. दीड वर्षात त्याचं नाव व्हायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझंच जास्त. भीमाकाठच्या एका जत्रेत त्याच्यापुढं पंचांनी चांगला मुरलेला, जडशीळ गडी उभा केला. हा माझ्याकडं आला. ओठ सुकलेले. "वस्ताद, घिऊ का जोड?" मी म्हणालो, "घे की. भितूस काय?" चार-पाच मिनिटांत तो मानेवर पडला. हलगी थांबली. भरल्या मैदानात मला त्याचा श्वास ऐकू येत होता. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. विशीतलं पोर हो! काय करून बसलो मी!

तेव्हापासून दर नागपंचमीला तो येतो, डाव्या हातानं हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि म्हणतो, "माझीच घाई नडली, वस्ताद. तुमी लई जपत हुता." गावातही हेच सांगितलं जातं, की पोरानं ऐकलं नाही. ते पहिल्यांदा कुणी सांगितलं हे मला ठाऊक आहे. लोक मला वस्ताद म्हणतात, पाया पडतात, आणि मला स्वतःची किळस येते.

आज त्यानं स्वतःच्या पोराला आणलं होतं. बारा वर्षांचा असेल, खांदे थेट बापाचे. "ह्याला तुमच्या पदरात टाकतो," म्हणाला. "मान तेवढी बघा की ह्याची." पोरानं मान पुढं केली. माझा हात उचलेना. "उद्या ये," म्हणालो. उद्या तो येणार. नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल. हो म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? तुम्ही असता तर तुमच्याकडं पाठवून दिला असता. आता पाठवायलाही कुणी उरलं नाही.

हा कागद घडी घालून तालमीतल्या मारुतीच्या तसबिरीमागं खोचून ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकू? कुणाला पोचायचा नाही, म्हणून एक लिहितो. त्या दिवशी "घे की" म्हणायच्या आधी मी त्याच्या मानेवर हात ठेवला होता. दाबून बघितली होती. कच्ची होती, आबा.