उजव्या हाताची चाल

प्रिय शकूताई,

एक गंभीर तक्रार आहे. काल चिखल्याच्या खाणीच्या क्लबात, चारचौघांसमोर, मला श्वास घ्यावा लागला. पंचेचाळिशीच्या सभ्य गृहस्थावर ही वेळ यावी?

तू देवाघरी गेल्यापासून माझा फुंकायचा ट्रॉम्बोन पेटीतच होता. आता खाणीच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांना पियानो येतो. म्हटलं, आपले सुरावटींचे जुने कागद काढून बघू. बाईंनी कागदावर आहे तेवढंच चोख वाजवलं. मी दम घ्यायला थांबलो की नुसता खड्डा. भावजी पुढच्याच खुर्चीवर. म्हणाले, "काहून बाळासाहेब, दमा झाला काय?"

तेव्हा कळलं. मी थांबलो की तू जे दोन-चार सूर हळूच खुळखुळवायचीस, ते मी कागदावर कधी लिहिलेच नव्हते. लोक म्हणायचे, "काय दम हाये या पोट्ट्यात!" तू मान खाली घालून वाजवत राहायचीस. एकदा तरी बोलायचं होतंस, ताई.

सत्तरच्या दशकातले ते उन्हाळे आठवतात का गं? खाणीच्या मॅनेजरसाहेबांच्या बाईंनी तुला पियानो शिकवला, बदली झाली तेव्हा पुस्तकंही तुलाच दिली. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात कोणी कोणी प्रेमात पडून लिहिलेले तुकडे, पानोपानी उसासे. ते ट्रॉम्बोन आणि पियानोसाठी नव्याने मांडायचे, हा आपला उद्योग. तुझ्या दहा बोटांचं काम माझ्या एका तोंडात कोंबायचं, उंच सूर माझ्या नळीला झेपतील इतके खाली आणायचे. लिहिणारा मी. त्यामुळे चाल सगळी माझ्याकडे आणि तुझ्याकडे उरलं टुंगटुंग. न्याय म्हणतात तो हाच.

एकाच तुकड्यात तू काही मागितलंस.

"बाळ्या, ह्या मधल्या चार ओळी माह्यापाशी राहू दे ना."

"तुले कायले पायजे?"

"माह्या उजव्या हातालेही जीव हाये, बाप्पा."

"लगनाच्या बँडात चाल वाजवते क्लॅरिनेटवाला. मी आंधळगावापासून सिहोऱ्यापर्यंत पों-पोंच करून राहिलो. इथं तरी वाजवू दे."

तू हसलीस. "घे बाप्पा, घे. पोटभर वाजव."

मीही घेतल्या, पोटभर वाजवल्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते त्याच चार ओळींना. तुझ्या डोळ्यांकडे बघायला मला कुठे सवड होती? पण तू तरी इतक्या लवकर का सोडल्यास? जरा भांडायचं होतंस. घरात भांडणारा मी एकटाच, हे काही बरं नव्हे.

शनिवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत. माझ्या दमाच्या जागी तू भरायचीस ते सूर आठवतील तसे डॉक्टरीणबाईंच्या कागदावर मांडले. मधल्या चार ओळी त्यांच्या उजव्या हाताला दिल्या, माझ्या कागदावर तिथे विश्रांतीच्या खुणा केल्या. बाईंनी विचारलं, "इतका वेळ तुम्ही काय करणार?"

म्हटलं, "ऐकीन."

तुझा,
बाळ्या