चहाच्या डब्यामागचं पाकीट

गुरुवार, संध्याकाळ. कळवा.

लिही गं अश्विनी, लाजू नकोस. माझी नातसून तू, माझी रोजनिशी लिहिणारीही तूच. दुसरं कुणाला बोलवू?

गौरीत पाळी नको म्हणून दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्यास, आणि दिवस न राहण्याच्या रोजच्या गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्यामागे सारलंस. गोळी ती गोळीच, नाही का? आता महिना झाला, पाळीचा पत्ता नाही. नोकरी नुकती लागलेली, मूल एवढ्यात नको. तू रोज कॅलेंडरवरचे दिवस मोजत बसायचीस.

आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नाहीत! म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी पाळी लांबते, कधी बंद केल्यावरही रेंगाळते; पण दिवस राहायचे थांबत नाहीत. रोजच्या पुन्हा सुरू कर. पहिला आठवडा नवऱ्यालाही काळजी घ्यायला सांग."

"मी सांगते त्याला, जेवताना," मी म्हटलं.

"आजी, नको ना!"

हसलीस बाई, महिन्याने.

पण मी म्हणते, गौर बाईच ना? तिला पाळीचं काय नवल? पुढच्या वर्षी पाळी आली तर येऊ दे, पूजेला तूच बस.

ते पाकीट आता माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी. रोज मी तुला ओरडेन, तू मला. पणतू येईल, तू बोलावशील तेव्हा. हेही लिही.