कळंबच्या शेतात अण्णांची बग्गी

१२ जाने., सोम.
पनवेलला जाऊन आलो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, बाजूचं दिसणं बरंच गेलंय. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते ऑपरेशन करून वाचवू, पण आता थांबू नका. पुढच्या बुधवारी, २१ला, सकाळी बोलावलंय.
डॉक्टरांपुढे अण्णा नंदीबैलासारखी मान हलवत होते. खोपोलीच्या एसटीत बसल्यावर खरा सूर लागला. "डोळ्याला सुरी लावून नाय घेणार मी." आई रडली. मी ओरडले. अख्खी एसटी आमच्याकडे बघत होती. बघू दे!

१३ मंगळ.
लॅबमधून कामावरून आले तर अण्णा मागच्या पडवीत बग्गीचा गिअरबॉक्स उघडून बसलेले. ही रिमोटची गाडी माझ्याहून वयाने मोठी. त्यांचा मस्कतचा मामेभाऊ घेऊन आला होता. प्लास्टिक आता पापडासारखं झालंय, स्क्रू जरा जोरात पिळला की कट्. पुढच्या चाकांचे दोन्ही आर्म अण्णांनी साजगावच्या कारखान्यात असताना नायलॉनच्या तुकड्यातून कानशीने घासून केलेले. असला धीर माझ्यात नाही.
स्क्रू खाली पडला. समोर, पायाशी. हा माणूस भलतीकडेच चाचपतोय. मी उचलून दिला तर म्हणे, "दिसत होता मला."
मग भांडण. शेवटी त्यांनीच पैज मांडली. रविवारी कळंबला या गाड्यांची शर्यत. गाडी एकदाही ट्रॅकबाहेर गेली नाही तर ऑप. रद्द. गेली तर बुधवारी मुकाट्याने पनवेल. "शब्द म्हणजे शब्द."
मी लगेच हो म्हटलं. जाणारच ना बाहेर!
आई म्हणाली, "बापाच्या हरण्यावर पैज लावतेस गं?"
लावते. मग काय करू?

१४ बुध.
संक्रांत. इस्माईलचाचा तिळगूळ खायला आले. खोपोलीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, अण्णांचे जुने दोस्त आणि शर्यतीतले जुने वैरी. दोघं मिळून चिमटे रंगवत बसले. आमच्या जुन्या रिमोटना क्रिस्टल लागतो, त्यावर गाडीची फ्रिक्वेन्सी ठरते. दोघांचा क्रिस्टल एकच असला आणि दोघांनी एकदम रिमोट चालू केले तर गाड्या पिसाळतात. म्हणून कळंबला एका फळीवर कपड्यांचे चिमटे असतात, एका क्रिस्टलचा एकच. चिमटा अँटेनाला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. नियम अण्णांनीच घातलेला. एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने मोडला, तर अण्णांनी त्याला जेवणाआधी घरी पाठवलं होतं.
आज अण्णांनी रंगवलेले क्रिस्टलचे आकडे चिमट्याबाहेर जात होते. चाचा ते पुसत होते, परत लिहीत होते.

१७ शनि.
गि.बॉ. बंद केला. ग्रीस मी लावलं, अण्णांनी कानाला लावून चाक फिरवलं. "दात खातोय. परत उघड." उघडला. बरोबर होतं त्यांचं, एक बेअरिंग तिरकं बसलेलं.
पिशवी भरली. सेल, टायर, जास्तीचे स्क्रू. टेबलावर टेस्टिंगला असतो तो जुना रिमोटही टाकला, अण्णांच्याच क्रिस्टलचा. चाकं वळवणारा सर्व्हो कुरकुरतोय तो तपासायला. असं आपलं म्हणायचं. गाडी आपणहून बाहेर गेली नाहीच, तर असावा हाताशी.

१८ रवि.
काय करून बसले मी.
नीट लिहिते. सकाळी कळंबला पोचलो. दत्तूचं शेत. भात निघालं की तो तेवढ्या तुकड्यात वाल पेरत नाही, आमच्यासाठी ठेवतो. चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे. सरावाची फेरी सुरू झाली. ट्रॉलीसमोर अण्णांची बग्गी झकास, नुसत्या आवाजावर वळवत होते. बांधाकडच्या लांबच्या वळणावर गेली आणि वळलीच नाही. सरळ बांधावर चढली, उडाली, तिथे बसलेल्या दत्तूच्या पोरीच्या पायाजवळून गेली. पोरीने किंकाळी फोडली. लागलं नाही. नवीन गाड्यांवाली पोरं हसली. "काका, चष्मा घरी राहिला का?"
अण्णा म्हणाले, सरावाची फेरी धरायची नाही.
दत्तू मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अण्णांना बसवा आता. मी बोललो तर वाईट दिसंल. पण पोर वाचली म्हून बरं, नायतर काय व्हतं?"
म्हटलं, मी सांगते. खरंच सांगायला गेले. अण्णा ट्रॉलीमागे उकिडवे बसून रुमालाने टायर पुसत होते. वर न बघता हळूच म्हणाले, "सुमे, मघाशी गाडी गेली कुठं गं?"
म्हटलं, द्या इकडे रिमोट, सेल बदलते. सेल बदलले आणि क्रिस्टल काढून घेतला. बाहेरून कळत नाही. दिवा लागतो, काटा हलतो, पण गाडीला काही पोचत नाही.
मग शर्यत सुरू होताना मी चिंचेखाली, ओढणीआड तो जुना रिमोट. चिमटा अण्णांच्या अँटेनाला आणि बटण दाबलं मी.
कधी अण्णांच्या आधी वळत होते, कधी नंतर. त्यांना जाणवत कसं नाही? बांधापाशी प्रत्येक वेळी वेग कमी केला, पोरीकडे बघत. एकदा चाक रेषेला घासलं, बाहेर गेलं नाही. सोडायला हवं होतं तेव्हाच. एक बोट सैल केलं असतं तर पैज जिंकले असते, सगळ्यांदेखत. बोट सैल झालंच नाही.
दुसरा नंबर. चाचा पहिले. अण्णा ट्रॉलीवर मुठी वळून ओरडत होते. "बघितलंस? बघितलंस ना?" इतके खूश त्यांना मी कारखाना सुटल्यापासून बघितलं नव्हतं.
शेतात भाजलेल्या पोपटीच्या शेंगांचं मडकं फोडलं तेव्हा अण्णांनी सगळ्यांना सांगून टाकलं, ऑपरेशन रद्द. दत्तूने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.
चाचा शेंगा सोलत माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बेटा, ओढणीतून अँटेना दिसतीय. आत घाल."
सामान भरताना क्रिस्टल परत जागेवर बसवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१९ सोम.
अण्णांनी स्वतः पनवेलला फोन करून सांगितलं, येत नाही, गरज नाही. मग जिलेबी आणायला निघाले. रस्ता ओलांडताना बाजूने आलेली बाइक त्यांना दिसलीच नाही. पोराने करकचून ब्रेक मारला, शिवी घातली. मी दारातच होते. अण्णा म्हणाले, "हॉर्न द्यायला काय झालं व्हतं त्याला?" जिलेबी मात्र आणली.
लॅबमधून मी गुपचूप पनवेलला फोन केला. दवाखान्यातली बाई चांगली होती. म्हणाली, नाव राहू देते, पण बुधवारी सकाळी नाही आलात तर दुसऱ्याला देणार. पुढची तारीख कधी, ते तिलाही माहीत नाही.
आईला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "तूच घोळ घातलास, तूच निस्तर."
सांगितलं तर त्या माणसाचा रविवार जातो. नाही सांगितलं तर डोळे. यात विचार करण्यासारखं काही नाही, आणि तरी दिवसभर तोंड उघडलं नाही. शरम वाटते स्वतःची.

२० मंगळ.
चहाच्या वेळी सांगितलं. एका दमात. क्रिस्टल काढला, चिंचेखाली उभी होते, गाडी मी चालवली.
अण्णा आधी हसले. मग म्हणाले, "दवाखान्यात न्यायला कायपण रचशील तू."
म्हटलं, चला पडवीत, करून दाखवते. "आज दाखवशील गं. त्यानं रविवारचं काय ठरतंय?" मग चाचांना फोन, स्पीकरवर. "इस्माईल, ईमानानं सांग. परवा माझी गाडी कोणी चालवली?"
पलीकडे दुकानातला टीव्ही बारीक झाला. मग चाचा म्हणाले, "तूच की रं. दुसरा कोण चालवणार?"
अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मारलं असतं तर बरं.
मी बाहेर जाऊन चाचांना परत फोन लावला. चाचा, खोटं का बोललात? माझा बाप आंधळा होईल! चाचा म्हणाले, "निघालंच नाय गं तोंडातून. मला कळत नाय का? निघालंच नाय." रविवारी माझ्या तरी तोंडातून कुठे निघालं होतं?
अण्णा जेवले नाहीत. संध्याकाळभर पडवीत बसून होते. गाडी समोर होती, हात लावला नाही. आईने पनवेलची पिशवी भरून दाराशी ठेवली. कुणाला काही विचारलं नाही.

२१ बुध. सकाळी.
उठले तर अण्णांची आंघोळ झालेली. इस्त्रीचा शर्ट. पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट ते बाजारात जातानाही घालतात, चाचांकडे जातानाही. त्यावरून काही कळत नाही. विचारायची हिंमत होईना. चहा नेऊन दिला आणि बाजूला बसले.
रस्त्याकडे बघत अण्णांनी विचारलं, "चिंचेखाली कुठं उभी व्हतीस?"
"बांधाच्या अंगाला."
"तिथून ते लांबचं वळण दिसतं?"
"दिसतं."
"सगळं?"
"सगळं, अण्णा."
चहा संपवला. कप खाली ठेवला तो पायरीच्या अगदी कडेला. मी धरला, त्यांना कळलं नाही.
मग म्हणाले, "मला ट्रॉलीवरून दिसायचं."
पुढे काही नाही. पैजेचं नाही, पनवेलचं नाही. माझ्यावर रागावलेत का तेही नाही.
रिक्षा आलीय. आई पिशवी घेऊन बसली. ड्रायव्हर विचारतोय, किती जण? मी आत चावी घ्यायला आले ते दोन ओळी लिहितेय, उगाच. खिडकीतून अण्णा दिसतायत. रिक्षाकडे तोंड करून उभे राहिलेत. पायाने चपला चाचपतायत. आई रिक्षातून बघतेय, मी इथून. कुणीच सरकवून देत नाहीये.