उपग्रहाला न दिसलेला धूर

२७ जाने., मंगळ.
दु. दीडचं उपग्रहचित्र पाहिलं. झारखंडच्या जंगलात अकरा लाल ठिपके, म्हणजे वणवे. धुराचा पट्टा करडा-निळा, वारा वायव्येचा. उद्या सकाळी आमच्या डमडमवर. (पांढरं दिसतं ते धुकं. हा फरक कळायला दोन हिवाळे गेले. बी.कॉम. माणूस, कुणी शिकवलेलं नाही.)
सातला वरच्या मजल्यावरच्या दत्तदांना हवेचं बातमीपत्र पाठवलं. दम्यामुळे दिवाळीतल्या कालीपूजेपासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय. माझ्या भरवशावर बसलेत. उत्तर आलं, "परांजपेबाबू, एवढं वाचूनच दम लागला. बाहेर पडू? हो की नाही, तेवढं सांगा."
नाही.

३० जाने.
गच्चीवरून पाण्याची टाकी दिसली, मागचा टॉवर नाही. चित्रातही तेच. नाही.
सु. म्हणाली, "खिडकी उघडून वास घेतला असतात तरी कळलं असतं." बायकोला हे शास्त्र समजावणं... असो.

३ फेब्रु.
ठरलं. रविवारी इथल्या मराठी मंडळाचा हुरडा, आमच्याच सोसायटीच्या अंगणात. सु.चा भाऊ सोलापूरहून ज्वारीची कोवळी कणसं पाठवतोय. दत्तदांना आमंत्रण दिलं. म्हणाले, "कच्ची ज्वारी भाजून खायला बारा घरं जमतात?" पण डोळे चमकले. "येईन. तुम्ही हो म्हणालात तर."
हे शेवटचं वाक्य सु.ला दोनदा ऐकवलं.

६ फेब्रु.
मंडळाचे सचिव म्हणे, गॅसवर भाजू. साफ नकार दिला. हुरडा गोवऱ्यांच्या आरावरच. रेल्वेलाइनीजवळच्या गोठ्यातून घुंटे आणले (इथे गोवऱ्यांना हेच नाव). नग साठ. खडखडीत वाळलेले, पण वर धूळ फार. दत्तदा येणार, त्यांना धूळ चालायची नाही. ओल्या फडक्याने एकेक पुसला, दोन्ही बाजूंनी. मग पोत्यात भरून ठेवले. सु. दारातून बघत होती. "अहो, गोवऱ्या कुणी पुसतं का?"
म्हटलं, काळजी घेणारे पुसतात.

७ फेब्रु.
ठिपके तीनच. पट्टा ओडिशाकडे वळला. टॉवर स्पष्ट, शिडीसकट. बातमीपत्र एका शब्दाचं: हो.

८ फेब्रु., रवि.
दत्तदा उतरले! माकडटोपी, मफलर, मागे बौदी, म्हणजे त्यांच्या पत्नी, श्वासाचा पंप घेऊन. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची मी स्वतः मांडली, वारा येतो त्या बाजूला. आगटी पेटवली.
पेटली म्हणजे काय, धुमसली. पोत्यात घुंट्यांनी ओल धरलेली. त्यात दोन इमारतींच्या मधे वारा नुसता गरगरला. दोन मिनिटांत अंगण दिसेना, टाकी-टॉवर तर दूरच. धुरातून बौदींचा आवाज, "उपग्रहाला विचारलंत, चुलीला विचारलं नाहीत?"
दत्तदांना उचलूनच वर नेलं. पंपावर भागलं, नशीब.
हुरडा शेवटी गॅसवर भाजला. मी खाल्ला नाही. (एक वाटी.)

९ फेब्रु.
कालचं दीडचं चित्र पाहिलं. डमडम निर्मळ. एकही ठिपका नाही. अंतराळातून पाहिलं तर आमच्याकडे काही घडलेलंच नाही. सु.ला दाखवलं. ती म्हणाली, "हे वर नेऊन दाखवू नका."
बातमीपत्र पाठवलं नाही. कुणी विचारलंही नाही.

११ फेब्रु.
दत्तदा बरे आहेत. बौदी बाल्कनीतून भाजीवाल्याला सांगत होत्या, तेव्हा कळलं. मला कोण सांगणार.
आज मात्र हवा अशी, की टॉवरच्या मागची क्रेनसुद्धा दिसली. या हिवाळ्यात पहिल्यांदाच. अशा दिवशी दत्तदा घरात बसणार, तर मी दोन हिवाळे केलं काय?
चार वेळा लिहून खोडलं. शेवटी पाठवलं: "आकाश: हो. अंगण: खाली जाऊन स्वतः वास घेऊन आलो. तेही हो."
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
आत्ता वर कडी वाजली. जिन्यावर चपला. एकच माणूस उतरतंय. दत्तदा की बौदी, दोघांच्या चपला कशा वाजतात याची नोंद मी कधी ठेवली नाही.