मनगट दाबा, फोन नको

४ जानेवारी २०२१
मला स्ट्रेस नाही. बायकोला, निवेदिताला, इथे आयर्लंडमध्ये ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात कोविड वॉर्डवर नाइट ड्यूटी. घरात एकाचं तरी डोकं थंड हवं. ते काम मी घेतलंय. तेवढ्यासाठी चायनीज मेडिसिन सुरू. संकल्प: ती आली नाही म्हणून वॉर्डला फोन करायचा नाही.

७ जानेवारी
मिसेस लियूंशी झूमवर कन्सल्टेशन, क्लिनिक बंद असल्यामुळे. जीभ बघून म्हणाल्या, पिवळा थर, अंगात उष्णता, फार काळजी करता. कडू काढा सांगितला. शिवाय मनगटावर एक पॉइंट, छातीत धडधडलं की दाबायचा. माझ्या छातीत धडधडत नाही. तरी विचारून ठेवला.

८ जानेवारी, सकाळी
निवेदिताला उशीर. पॉइंट दाबला. मग फोन केला, पण शांतपणे. वॉर्डवरची नर्स ऑर्ला म्हणाली, ती ग्रँड आहे (इथे ‘ठीक’ला ग्रँड म्हणतात), केव्हाच निघाली. ‘केव्हाच’ ऐकून दुसरं मनगट दाबलं.

१२ जानेवारी
जीभ आणखी पिवळी. मिसेस लियू गंभीर. काढा डबल. इतका कडू, की त्यावर सासूबाईंनी नागपूरहून फर्मावलेलं रोजचं हळदीचं दूध आता कपाऐवजी मगभर प्यावं लागतं.

१५ जानेवारी
इशिता म्हणाली, डॅडी, इट्स जस्ट द हळद, लाइक. नऊ वर्षांच्या पोरीला चायनीज मेडिसिनमधलं काय कळतं? जीभ घासून पाहिली. गुलाबी निघाली. मिसेस लियूंना कळवलं नाही. त्यांचा कॉन्फिडन्स जायचा.

१९ जानेवारी
मनगट काळंनिळं. निवेदिताने कारण विचारलं. तुझाच स्ट्रेस मॅनेज करतोय म्हटलं. ती बुटांसकट दारातच उभी होती, म्हणून मोजकंच विचारलं: मास्क नीट बसला होता का, आज कोण गेलं, घसा दुखतोय का, नक्की ना, उशीर का झाला. ट्रॅफिक, म्हणाली. लॉकडाउनमध्ये!

२२ जानेवारी, सकाळी
पुन्हा उशीर. फोन. ऑर्ला म्हणाली, तुम्हाला ठाऊक नाही? ती कार पार्कमध्येच आहे. ड्यूटी संपली की रोज गाडीत तासभर झोपते. घरी गेल्यावर प्रश्नच फार असतात म्हणे. उठवू का?

नको म्हणालो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२२ जानेवारी, संध्याकाळी
ती आली तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. नुसता चहा पुढे केला. ती घाबरली. माझा ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि दुपारभर माझ्या उशाशी जागी बसली.